दोन-तीन वर्षांचं मूल रात्री झोपायलाच तयार नसतं तेव्हा

मैत्रिणीला संध्याकाळी कळा सुरू झाल्या आणि ती नि तिचा नवरा हॉस्पिटलात गेले. त्यांची अडीच वर्षांची लेक आमच्याकडे राहिली. हे आधीच ठरलेलं होतं. तिची पिशवी महिनाभरापासून आमच्या कपाटात होती, त्यात तिचं पांघरूण आणि एक कान चुरगळलेला कापडी ससा. रात्री आणखी दोन जोडपी आपापली पोरं घेऊन आमच्याकडेच आली, कारण घरी बसून कुणालाही झोप लागणार नव्हती. फोन मधोमध ठेवलेला. दुसरं बाळंतपण, म्हणजे लवकर होईल असं जो तो म्हणत होता. पण गर्भाशयाचं तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंतचा काळ किती लांबेल हे कुणीच सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनातही त्या पहिल्या टप्प्याला ठरावीक मुदत दिलेली नाही. पाच सेंटीमीटरनंतरचा टप्पा दुसऱ्या खेपेला बहुतेक वेळा दहा तासांच्या आत संपतो, एवढंच. तेव्हा वाट बघत बसलो.

आम्हा सगळ्यांची पोरं दोन ते चार वर्षांमधली. बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत होतं: रात्री झोपवताना होणारी मारामारी. तासभर ऐकल्यावर लक्षात आलं की तक्रार सगळ्यांची एकच आहे, 'झोपतच नाही', पण प्रत्येक घरातलं कारण वेगळं आहे. आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या घरात चाललेला उपाय आपल्या घरात करून बघितला होता, म्हणून तो फसला होता. हे लिहायचं कारण तेच. उपाय करण्याआधी आपल्या पोराचं नेमकं काय बिनसलंय ते शोधायला हवं.

आधी आठ दिवस नुसतं लिहून काढा

काहीही बदलू नका. वहीत रोज पाच गोष्टी लिहा: सकाळी किती वाजता उठलं, दुपारी किती ते किती झोपलं, रात्री गादीवर किती वाजता नेलं, खरोखर डोळा किती वाजता लागला, आणि मधल्या वेळात काय काय झालं. अंदाजाने लिहू नका, घड्याळ बघून लिहा. दमलेल्या आईबापांचा अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने सहज चुकतो.

मैत्रिणीने पिशवीत लेकीच्या झोपेच्या वेळांचा कागद ठेवला होता. तो आम्ही त्या रात्री सगळ्यांनी मिळून वाचला. सकाळी सातला उठते. दुपारी दोन ते साडेचार झोप. रात्री साडेआठला गादीवर. झोप लागते सव्वादहाला. म्हणजे रोज पावणेदोन तास रडारड, गोष्टी, थोपटणं, रागावणं, पुन्हा थोपटणं. आता बेरीज करू. सव्वादहा ते सात, पावणेनऊ तास. दुपारचे अडीच. एकूण सव्वाअकरा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये दिलेले आकडे असे आहेत: एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास, दुपारची झोप धरून. पोरगी हसतीखेळती आहे, सकाळी आपली आपण उठते. तिला सव्वाअकरा तास पुरतायत. साडेआठला झोपवून सातला उठवायचं आणि वर दुपारचे अडीच तास, म्हणजे आपण तिच्याकडून तेरा तासांची झोप मागत होतो. तिच्या अंगात तेवढी झोपच नव्हती. भांडण त्या पावणेदोन तासांच्या फरकाचं होतं.

माझ्या मते दहापैकी निम्म्या घरांत तरी हेच असावं. ही माझी समजूत आहे, मोजलेलं नाही. पण पोरगं हट्टी आहे असं ठरवण्याआधी ही बेरीज करून बघाच.

वेळ चुकली असेल तर

झोप दोन गोष्टींवर चालते. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही कल्पना आजही झोपेच्या अभ्यासात पायाभूत धरली जाते. एक म्हणजे झोपेचा दाब. जागं राहू तसा तो साचत जातो आणि झोपलं की ओसरतो. दुसरं म्हणजे शरीराचं स्वतःचं घड्याळ, जे उजेडावर लावलं जातं. दुपारी उशिरापर्यंत झोपलेल्या मुलाचा दाब रात्री साडेआठला पुरेसा साचलेलाच नसतो. शिवाय नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी तास-दोन तास हे घड्याळ माणसाला मुद्दाम जागं ठेवतं. संध्याकाळी दमलेलं पोर अचानक घरभर पळत सुटतं ना, त्यात याचाही वाटा असतो. अशा वेळी गादीवर नेलं तर ते झोपणार नाही, लढेल. आणि रोज असंच झालं तर गादी ही त्याच्या लेखी लढायची जागा होते.

उपाय ऐकायला उलटा वाटतो. झोपवायची वेळ पुढे न्या. पोर सव्वादहाला झोपत असेल तर काही दिवस दहाला गादीवर न्या. तोपर्यंत शांत खेळ, मंद दिवा. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागायला लागली आणि असं सलग तीन-चार रात्री झालं की पंधरा मिनिटं अलीकडे या. पुन्हा जमलं की पुन्हा पंधरा मिनिटं. या सगळ्यात सकाळची वेळ हलवायची नाही. रात्री उशीर झाला तरी सकाळी सातला उठवायचं, पडदे उघडायचे, अंगावर दिवसाचा उजेड पडू द्यायचा. ही एक गोष्ट सुटली की बाकीचं सगळं सुटतं. सुट्टीच्या दिवशी पोरगं नऊपर्यंत झोपतंय म्हणून आपणही लोळायचं आणि मग त्या रात्री भांडत बसायचं, हे आम्ही वर्षभर केलंय. तीच चूक आम्हाला सगळ्यांत महाग पडली.

दुपारच्या झोपेला एकदम कात्री लावू नका. बहुतेक मुलं दीड वर्षाच्या आसपास दोनवरून एका डुलकीवर येतात आणि ती एक डुलकी पुष्कळांना तीन वर्षांनंतरही लागते. अडीच वर्षांच्या मुलाची झोप बंद करण्यापेक्षा ती लवकर सुरू करा आणि दीड तासाने हळूच जागं करा. उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पाच तासांचं अंतर पडलं तर बऱ्याच घरांत फरक दिसतो.

याच्या बरोबर उलटंही असतं. आलेल्यांपैकी एका जोडप्याचा मुलगा तीन वर्षांचा. शाळा सुरू झाली तशी दुपारची झोप गेली, पण रात्रीची वेळ मात्र जुनीच राहिली, साडेनऊ. तो संध्याकाळी गाडीत बसला की पाच मिनिटांत मान टाकायचा, चप्पल उलटी घातली गेली म्हणून अर्धा तास रडायचा, आणि सकाळी त्याला हलवून उठवावं लागायचं. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की झोप कमी पडतेय असं समजा. त्यांनी वेळ अलीकडे आणून आठ केली आणि संध्याकाळची गाडीतली डुलकी टाळली. म्हणजे एका घरात वेळ पुढे न्यायची होती, दुसऱ्या घरात मागे आणायची. वही नसती तर दोघांनीही एकमेकांचा सल्ला ऐकून आपलं आणखी बिघडवलं असतं.

उजेडाबद्दल एवढंच. लहान मुलांच्या डोळ्यांचं भिंग जास्त स्वच्छ असतं, त्यामुळे उजेड आत जास्त पोचतो आणि झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन त्यांच्यात चटकन दबतं. झोपेआधी तासभर ट्यूबलाइट बंद, खाली ठेवलेला पिवळा दिवा चालू. मोबाइल नि टीव्हीही बंद. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर नको असं सांगितलं आहे. तो एक तास द्यायचाच असेल तर दुपारी द्या.

पाणी, शू, अजून एक गोष्ट

वेळ बरोबर आहे, पोराच्या डोळ्यांवर झोप आहे, जांभया देतंय, आणि तरी दर पाच मिनिटांनी बाहेर येतंय. हा वेगळा प्रकार. आमच्यातल्या एकीची साडेतीन वर्षांची मुलगी एका रात्री अकरा वेळा बाहेर आली होती. तिने मोजलं होतं. पाणी, शू, पाय दुखतोय, बाहुलीला ताप आलाय, आणि शेवटी 'मला तुला एक सांगायचंय' म्हणून आली आणि काहीच बोलली नाही.

इथे पोराचा लबाडपणा बघू नका. दिवसभर त्याच्या हातात काहीच नसतं. काय घालायचं, कुठे जायचं, कधी निघायचं, सगळं आपण ठरवतो. झोपायचं की नाही एवढंच त्याला ठरवता येतं, आणि ते त्याला कळलेलं असतं. शिवाय दहापैकी सात वेळा आपण नाही म्हणतो आणि तीन वेळा हो म्हणतो. कधी हो मिळेल याचा नेम नसला की मागणं सुटत नाही, उलट चिवट होतं.

म्हणून मागण्या आधीच पुरवून टाका. पाणी, शू, दात घासणं, ठरलेल्या दोन गोष्टी, एक गाणं, दिवा. रोज तोच क्रम, अर्ध्या तासाच्या आत. पाण्याचा पेला उशाशीच ठेवा, म्हणजे पाण्यासाठी उठायचं कारण उरत नाही. 'पाच मिनिटांत झोपायचंय' हे त्या वयाला कळत नाही. 'हा मनोरा पाडला की दात घासायचे' हे कळतं. आणि जिथे जमेल तिथे निवड द्या, पण अशी की दोन्ही उत्तरं तुम्हाला चालतील. निळी चादर की पिवळी? चालत जायचं की बेडकासारखं उड्या मारत? 'झोपायचं का आता?' असं मात्र विचारू नका, कारण त्याचं उत्तर 'नाही' असू शकतं आणि ते तुम्हाला मान्य नसतं.

तीन वर्षांच्या पुढच्या, देवघेव समजणाऱ्या मुलांसाठी चिठ्ठीचा उपाय चांगला आहे. १९९९ मध्ये एका बालरोगविषयक नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला होता. पोराला एक रंगीत कार्ड द्यायचं. रात्री एकदा बाहेर यायला, पाणी मागायला किंवा एक मिठी मारायला ते चालतं. वापरलं की कार्ड आईबाबांकडे जमा. अकरा वेळा बाहेर येणाऱ्या मुलीच्या आईने हे केलं. पहिल्या रात्री कार्ड दोन मिनिटांत संपलं आणि मग आकांत. चौथ्या रात्री पोरगी कार्ड मुठीत धरूनच झोपली. वापरलंच नाही. 'अजून माझ्याकडे एक आहे' एवढा भरवसा तिला पुरला.

कार्ड संपल्यावर बाहेर आली तर? हात धरून परत न्यायचं, रोज तेच एक वाक्य बोलायचं, 'आता झोपायची वेळ आहे', आणि वळायचं. समजावणं नाही, रागावणं नाही. दोन्हींत लक्ष मिळतं. पहिले तीन-चार दिवस रडणं आधीपेक्षा वाढतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण बहुतेक घरं इथेच मोडतात. चौथ्या रात्री पाऊण तास रडल्यावर आपण हरलो तर पोर एवढंच शिकतं की पाऊण तास रडायचं असतं. म्हणून आजारपण, प्रवास, घर बदलणं किंवा नवं बाळ यायचा आठवडा असेल तर हे सुरूच करू नका. घरातल्या दोघांचं एकमत झाल्याशिवायही नको.

भीती आणि आईपासून लांब राहणं

मैत्रिणीच्या लेकीचं त्या रात्री हेच होतं. पावणेदहाला तिला आतल्या खोलीत नेलं. ती गादीवर बसली, ससा मांडीवर घेतला आणि दाराकडे बघत म्हणाली, "मावशी, आई कुठंय?"

हे तिने सातव्यांदा विचारलं होतं. प्रत्येक वेळी आम्ही तेच उत्तर दिलं आणि ते खरं होतं. आई हॉस्पिटलात आहे, बाळ येणार आहे, बाबा आईजवळ आहेत, तू आमच्याकडे झोपायचं. 'आई सकाळी येईल' असं म्हणायचा मोह झाला होता, पण म्हणाले नाही. सकाळी आई आली नसती तर पुढच्या रात्री माझ्या कुठल्याच शब्दाला अर्थ उरला नसता. अशा वेळी कडक नियम, कार्ड, वळून निघून जाणं यातलं काहीही करू नये. आईची आठवण येणाऱ्या पोराला शिस्त लावायची नसते, सोबत द्यायची असते.

मी गादीशेजारी जमिनीवर बसले. तिने माझ्या बाहीचं टोक बोटांत गुंडाळून घेतलं. थोड्या वेळाने मी म्हणाले, "मी पाणी पिऊन येते, तोवर ससा तुझ्याकडे." गेले, एक घोट घेतला, लगेच आले. पुन्हा थोड्या वेळाने, "काकांना विचारून येते, फोन आला का." गेले, आले. तिसऱ्या वेळी परत येईपर्यंत ती आडवी झाली होती. माणूस जातं आणि सांगितल्याप्रमाणे परत येतं, एवढंच तिला बघायचं होतं. दहा वाजून दहा मिनिटांनी झोपली. तिच्या रोजच्या वेळेलाच.

अंधाराच्या किंवा राक्षसाच्या भीतीलाही हाच मार्ग बरा. पलंगाखाली रोज रात्री टॉर्च मारून शोधाशोध केली की पोराला वाटतं, शोधतायत म्हणजे कधीतरी सापडत असणार. मंद दिवा लावा, भीती वाटते हे मान्य करा, आणि जवळ बसा. मग काही दिवसांनी तुमची जागा हलवा: गादीवरून जमिनीवर, जमिनीवरून दाराशी, दाराशी बसून मग बाहेर. प्रत्येक जागेवर तीन-चार रात्री.

थोपटण्याबद्दलही त्या रात्री बराच वाद झाला. रात्रभरात माणूस अनेकदा अर्धवट जागा होतो, मोठेही होतात. डोळा लागताना जे जवळ होतं तेच मूल दोन वाजता शोधतं. थोपटणारा हात होता तर हात शोधणार. हात नसला की रडणार. तुम्हाला रात्री उठून थोपटायला जड जात नसेल, सगळे एकत्र झोपत असाल आणि सगळ्यांना पुरेशी झोप मिळत असेल, तर यात बदलण्यासारखं काहीच नाही. कुणी सांगितलं म्हणून मोडू नका. त्रास होत असेल तरच थोपटणं थोडं थोडं कमी करा, डोळे मिटायच्या जरा आधी हात काढून घ्या.

डॉक्टरांना दाखवायचं केव्हा

आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, श्वास मध्येच अडकल्यासारखा वाटणं: टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या असू शकतात. झोपताना पाय सारखे हलवणं, पायांत कसंतरी होतंय म्हणणं: लोह कमी आहे का ते तपासून घ्या. रात्रीच शौचाच्या जागी खाज येत असेल तर बारीक कृमी असू शकतात. त्यांच्या माद्या रात्री बाहेर येऊन अंडी घालतात, म्हणून दिवसा पोर ठीक आणि रात्री बेचैन. औषध सहसा घरातल्या सगळ्यांनाच घ्यावं लागतं. सर्दीनंतर आडवं केलं की कळवळून रडत असेल तर कान दाखवा.

झोप लागल्यावर दोन-तीन तासांच्या आत किंचाळून उठणं, डोळे उघडे पण ओळख नाही, हा प्रकार बघणाऱ्याला घाबरवतो, पण पोराला सकाळी त्यातलं काही आठवत नाही. तेव्हा हलवून जागं करू नका. पडणार नाही, लागणार नाही एवढं बघा आणि शांत होईपर्यंत जवळ थांबा. वाईट स्वप्न वेगळं. ते बहुधा पहाटेकडे पडतं, पोर पूर्ण जागं होतं, बिलगतं. त्याला जवळ घ्या.

आणि झोप यावी म्हणून सर्दी-ॲलर्जीचं सिरप देऊ नका. काही मुलं त्याने उलटी चेकाळतात. मेलाटोनिनच्या गोळ्याही बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय नकोत.

नवं बाळ येणार असेल तर

तीन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मुलगा झाला, दोघं ठीक. आम्ही हॉलमध्ये दबक्या आवाजात रडलो नि हसलो. आतली पोरं झोपलेली होती. सकाळी सातला लेक आपली आपण उठली आणि फोनवर तिने बाबांचा चेहरा बघितला.

घरी दुसरं बाळ येणार असेल तर मोठ्याला रात्री झोपवायचं काम बाबांनी दोन महिने आधीपासून हातात घ्यावं. ऐनवेळी आई बाळाला पाजत असते आणि बाबांकडे झोपायची सवय नसते, मग बाळामुळे आई हिरावली असं पोराला वाटतं. गादी किंवा खोली बदलायची असेल, शू-शी शिकवायची असेल, तर तेही आधी तरी करा नाहीतर बाळ आल्यावर दोन-तीन महिन्यांनी. या मैत्रिणीच्या घरी बाबाच झोपवतात आता. दुपारची झोप दीड तासावर आणली, रात्रीची वेळ दहापासून सरकवत साडेनऊवर आली आहे. मध्ये एक आठवडा सगळं विस्कटलं होतं, पुन्हा दहावर गेले आणि तिथून परत आले.

परवा मी भेटायला गेले तेव्हा बाबा बाळाचे कपडे घडी करत होते आणि लेकीने सशाला उशीवर निजवला होता. पांघरूण त्याच्या कानापर्यंत ओढलं, त्याच्याकडे वाकून म्हणाली, "मी पाणी पिऊन येते हां," आणि दारापर्यंत जाऊन लगेच परत आली.